बाबांचं बीपी आणि आमचे फोन: घरातल्या माणसाच्या चिंतेला साथ द्यायची ती कशी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवरच असते. हा विषय घरचा आहे, म्हणून जरा तपशील गाळून लिहितेय.

आईबाबा कराडला, मी पुण्यात, धाकटा भाऊ मुंबईत. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर रजिस्टरला गाड्यांच्या वेळा टिपल्या, आता बीपी टिपतात. तशाच रेघा आखून: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'चहानंतर', 'छातीत किंचित', 'लाईट गेल्यावर' असं काय काय असतं. दिवसाला एक पान पुरत नाही.

सुरुवात झाली ती त्यांचे एक मित्र अचानक गेले तेव्हा. दोघं रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसायचे. ते हार्ट अटॅकने गेले आणि बाबांनी तिकडे जाणंच सोडलं. मग बाजार सोडला. आता हॉस्पिटल दहा मिनिटांवर नसेल अशा कुठल्याही ठिकाणी जात नाहीत. पुण्याला नातवाच्या वाढदिवसालाही आले नाहीत. म्हणे खंबाटकीत काही झालं तर कोण बघणार?

ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं झालं. कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले, हृदय छान आहे, हा चिंतेचा आजार वाटतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी चिठ्ठीही दिली. बाबांनी ती घडी घालून रजिस्टरात ठेवली आहे. तिथेच आहे.

माझा प्रश्न फोनचा आहे. बाबांचा फोन येतो, "वरचा १४२ आलाय, चालेल ना?" मी म्हणते चालेल. त्यांना बरं वाटतं. थोड्या वेळाने परत फोन, "आता १४६." मीटिंगमधून बाहेर येऊन मी परत "चालेल" म्हणते. भाऊ चिडतो, "बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही" म्हणून फोन ठेवतो. आईने मशीन तांदळाच्या डब्यात लपवलं, तर बाबा केमिस्टकडे जाऊन मोजून आले.

तिघांचे तीन मार्ग आणि एकाचाही उपयोग नाही. तुमच्या घरी कुणी असं असेल तर नेमकं काय केलंत?

सातारी_तर्री

वाचतोय. आमच्याकडे सासरे आहेत. बीपीच्या जागी शुगर, बाकी कथा हीच. बोटांची चाळण झालीय.

खवचट_काका

मशीन विका आणि त्या पैशात बाबांना काशीयात्रा घडवा. (हलकेच घ्या.)

अवांतरवीर

'शेरा' हा रकाना प्रचंड आवडलेला आहे. 'लाईट गेल्यावर' तर थोरच. एमएसईबीला पाठवा ते पान.

कोयनाकाठ

@अवांतरवीर, मी आणि भाऊसुद्धा त्यावर हसतो. बाबांसमोर नाही.

मुळामुठा

मुद्द्याचं आधी. मोजण्याची पद्धत बरोबर आहे का बघा. चहा, तंबाखू, जिना यानंतर अर्धा तास मोजायचं नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो. आणि घाबरून लगेच परत मोजलं तर आकडा चढलेलाच दिसणार, त्यात मशीनचा दोष नाही.

घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना सांगायचं असतं. सरासरी, एकटादुकटा आकडा नाही. बीपी दिवसभर वरखाली होतंच, तुमचं-माझंसुद्धा.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे का? आणि थायरॉईड तपासलाय का? त्याचं हार्मोन वाढलं की धडधड, घाम, हात थरथरणं अगदी चिंतेसारखंच दिसतं. हिमोग्लोबिनही बघून घ्या.

कोयनाकाठ

गोळी आहे, सकाळची एक. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं झालंय, नॉर्मल आहे. पद्धतीचं म्हणाल तर बाबा पाठ टेकणं सोडून सगळं करतात. मोजताना पुढे वाकून आकड्याकडे बघत असतात.

शांतरस

माझं ऐका. सकाळी प्राणायाम, संध्याकाळी रामरक्षा. माझ्या मोठ्या काकांना असंच व्हायचं, नामाला लागल्यावर सगळ्या गोळ्या बंद केल्या. मनाच्या आजाराला मनाचंच औषध. एकदा का मानसोपचारवाल्यांच्या हाती गेलात की सुटका नाही.

रोखठोक_रमा

@शांतरस, रामरक्षेला कुणाची ना नाही. पण 'गोळ्या बंद केल्या' हे असं जाहीर लिहू नका हो. कुणीतरी वाचून खरंच बंद करेल. माझ्या आत्येने मनाने बंद केल्या होत्या. झोप उडाली, हातपाय कापायला लागले आणि घरचे म्हणाले बघा, आजार वाढला. आजार नव्हता, गोळी एकदम तोडल्याचा परिणाम होता.

शांतरस

मी माझा अनुभव लिहिला. ज्याने त्याने ठरवावं.

तळ्यात_मळ्यात

मी पलीकडच्या बाजूचा आहे. म्हणजे धाग्यातला 'बाबा'. वय मात्र अडतीस.

आतून कसं असतं ते सांगतो, कारण घरच्यांना ते दिसत नाही. माझा पहिला झटका (भीतीचा, पॅनिक अटॅक म्हणतात तो) लोकलमध्ये आला. छाती आवळली, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आणि पक्की खात्री की आता आपण मरतोय. दादरला उतरलो आणि फलाटावर बसून राहिलो. दहा मिनिटांत त्याचा जोर चढतो आणि मग ओसरतो, हे मला फार नंतर कळलं. त्या दहा मिनिटांत कुणी कितीही रिपोर्ट दाखवले तरी पटत नाही. डोक्याला माहीत असतं की रिपोर्ट चांगले आहेत. शरीराला कुणी सांगितलेलं नसतं.

"टेन्शन घेऊ नकोस" हे मला रोज ऐकवलं जायचं. हॉर्न अडकून बसलाय आणि लोक ड्रायव्हरला सांगतायत की हॉर्न वाजवू नको. तो बिचारा कधीचा हात काढून बसलाय.

दुसरं वाक्य, "तुला कमी काय आहे?" यावर काय उत्तर द्यायचं? काही कमी नाही, म्हणून तर आणखी लाज वाटते.

उपयोग कशाचा झाला, तर माझ्या बायकोचा. ती काही विशेष बोलायची नाही. शेजारी बसायची, म्हणायची "आलाय ना? जाईल. सावकाश सोड श्वास." सोडण्यावर जोर. घेतानापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की धडधड उतरते. भराभर मोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात. आणि झटका गेल्यावर ती त्याची चर्चा करत बसायची नाही, सरळ विचारायची, भाजी कुठली करू.

कोयनाकाठ, बाबांना लाज वाटत असणार. आकडा विचारतात ना, तो 'मला भीती वाटतेय' म्हणण्याचा सन्मानाचा मार्ग आहे. एसटीत आयुष्य काढलेला माणूस मुलीला फोन करून भीती वाटते म्हणेल होय?

सातारी_तर्री

शेवटचं वाक्य अगदी अगदी. सासऱ्यांना आज फोन करतो.

सुपारी_कातर

फार छान लिहिलंत, तळ्यात_मळ्यात.

मधली_सुट्टी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. धाग्यावर निदान करत नाही, करूही नये. पण फोनच्या प्रश्नावर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात तो असतो.

"चालेल ना?" याला "चालेल" म्हटलं की बाबांची भीती उतरते. त्याच वेळी मन एक हिशेब मांडतं: मोजलं, विचारलं, म्हणून वाचलो. पुढच्या वेळी न विचारता राहणं आणखी कठीण. म्हणून वीस मिनिटांनी परत फोन. तुमचं उत्तर खरं आहे, पण ते खरं असण्याने फरक पडत नाही.

भावाचं "काहीही झालेलं नाही" हेही तसंच. त्यातही दिलासाच आहे, फक्त रागावून दिलेला. आणि मशीन लपवणं बाबांच्या नकळत होतं, म्हणून ते केमिस्टकडे गेले. त्यांना विश्वासात न घेता काहीही बंद केलं तर ते दुसरी वाट शोधणार.

मग करायचं काय? उद्यापासून फोन उचलायचा नाही, असं नको. एखाद्या निवांत वेळी, झटका नसताना, बाबांसमोर बसून ठरवा. बीपी किती वेळा मोजायचं हे त्यांच्या डॉक्टरांनाच लिहून द्यायला सांगा. समजा डॉक्टर सकाळ-संध्याकाळ म्हणाले. आज जर दर तासाला मोजत असतील तर एकदम दोनावर आणू नका, टप्प्याटप्प्याने. मधल्या वेळी फोन आला तर काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असू दे, आणि तुम्ही तिघांनी तेच बोलायचं. साधारण असं: "बाबा, भीती वाटतेय ते कळतंय मला. आकडा आपण ठरल्याप्रमाणे सातला बघू. तोवर तुम्ही निभावून न्याल. आता सांगा, आज भाजी कुठली आणली?" भीती मान्य करायची, त्यांच्यावर भरवसा दाखवायचा, आकड्यावर बोलायचं नाही.

सुरुवातीला फोन वाढतील. त्याची तयारी ठेवा.

एक फार महत्त्वाचं. हे सगळं हृदयाची तपासणी झालेल्या, ओळखीच्या त्रासासाठी आहे. चालताना-चढताना छातीवर दाब येतो, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात जातं, गार घाम फुटतो, विश्रांतीनेही थांबत नाही, किंवा नेहमीपेक्षा वेगळंच काही होतंय, तर 'चिंता असेल' म्हणून घरी बसायचं नाही. १०८ लावायचा. चिंतेचा आजार असलेल्या माणसालाही हृदयविकार होऊ शकतो. तसं काही असेल तेव्हा काय करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलंत तर बाबांनाही आधार वाटेल.

भीमथडी

मला हे अजिबात पटलेलं नाही. पासष्टीच्या घरातला माणूस आहे. त्याला शिस्त लावायला निघालात? दिवसातून चार वेळा बापाने फोन केला आणि मुलीने 'चालेल' म्हटलं तर काय आभाळ कोसळतं? उद्या ते नसतील तेव्हा याच फोनची आठवण काढाल. सगळ्या गोष्टींचं थेरपीकरण करायची ही नवी फॅशन आहे. आमच्या वाड्यात आजोबा दर तासाला घड्याळाला किल्ली द्यायचे, कुणी त्यांना तज्ज्ञाकडे नेलं नाही.

खवचट_काका

आणि घड्याळ?

भीमथडी

बंद पडलं. पण मुद्दा तो नाही.

अवांतरवीर

:))))

मधली_सुट्टी

@भीमथडी, चार फोनांनी काही होत नाही, मान्य. आजोबांना किल्ली देऊन समाधान मिळत होतं आणि बाकीचं आयुष्य नीट चाललं होतं, तर कुणी हात लावू नये. इथे बघा काय काय गेलंय: प्रीतिसंगम गेला, बाजार गेला, नातवाचा वाढदिवस गेला. मी फोन मोजत नाही, हे मोजते.

भीमथडी

हम्म. नातवाचा वाढदिवस हे मी वाचलं नव्हतं नीट. तरी फोनवर तुटकपणा नको, एवढंच म्हणणं आहे.

मधली_सुट्टी

त्यावर शंभर टक्के सहमत. तुटकपणाने बोलायचं असेल तर त्यापेक्षा 'चालेल' म्हटलेलं परवडलं.

जर्सीची_गाय

(आयडीवरून हसू नका, न्यू जर्सीत राहते आणि दूध खूप पिते.)

आमच्याकडे उलटं टोक आहे, मुलगा दहा वर्षांचा. शाळेत जाताना पोटात दुखायचं. मी वर्गाच्या दारापर्यंत सोडायचे, मग बाकावर बसून राहायचे, मग दिवसातून तीनदा फोन. इथे येलमध्ये एली लेबोविट्झ यांनी तयार केलेली एक पद्धत आहे, त्यात थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांना भेटतो! मला आधी वाटलं काय चेष्टा आहे, आजारी मूल आणि औषध आम्हाला. पण कल्पना हीच, मधली_सुट्टी म्हणतायत ती. मुलाला 'तू घाबरू नकोस' शिकवण्यापेक्षा आईवडिलांनी आपलं वागणं बदलायचं, मुलाच्या भीतीसाठी घर जे वाकलेलं असतं ते हळूहळू सरळ करायचं. नेहमीच्या मुलांच्या थेरपीशी तुलना करून अभ्यास झालाय, १२४ मुलं होती त्यात, आणि निकाल तोडीस तोड आला. ती पद्धत मुलांसाठी आहे, बाबांना तशीच्या तशी लागू होईल असं मी म्हणत नाही. पण 'त्याला बदला' यापेक्षा 'आपण काय करतोय ते बदला' हे मला झेपलं. माझ्या हातात तेवढंच होतं ना.

सासूबाई मात्र अजून म्हणतात, पोरगं रडतंय आणि ही बया चहा पितेय.

सुपारी_कातर

'बया चहा पितेय' :D

घाटमाथा

एक तांत्रिक दुरुस्ती. कराडहून पुण्याला येताना खंबाटकी घाट लागतच नाही, बोगदा लागतो. घाट चढावा लागतो तो पुण्याहून साताऱ्याकडे जाताना. त्यामुळे बाबांना येताना घाटाची भीती बाळगायचं कारण नाही.

अवांतरवीर

ते वाहतूक नियंत्रक होते हो. त्यांना बोगदा सांगताय?

घाटमाथा

म्हणजे परतीच्या प्रवासाची भीती आहे. जोडून सुट्टी आली की तिकडे तासन् तास कोंडी होते, हे खरं आहे. मग भीती अगदीच निराधार नाही म्हणायची.

सातारी_तर्री

धागा खंबाटकीत अडकला. मागे घ्या कुणीतरी.

कोयनाकाठ

मी रात्री उशिरा सगळे प्रतिसाद वाचले. तळ्यात_मळ्यात, तुमचा प्रतिसाद मी नावं काढून भावाला पाठवला. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण सकाळी बाबांना त्याने आपणहून फोन केला, क्रिकेटवर बोलला म्हणे.

घाटमाथा, बाबांना मी विचारलं. म्हणाले, "येताना बोगदा, जाताना घाट, मला शिकवू नकोस. बोगद्यात फोनला रेंज नसते." म्हणजे त्यांनी दोन्हीकडची भीती तयार ठेवलेली आहे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे यायला तयार नाहीत. "मी वेडा आहे का?" इथे गाडी अडली आहे.

मुळामुठा

ज्या कार्डिऑलॉजिस्टनी चिठ्ठी दिली त्यांनाच परत भेटा आणि त्यांच्या तोंडून सांगवून घ्या. त्या पिढीला मुलीपेक्षा हार्टच्या डॉक्टरचा शब्द मोठा. "झोप आणि धडधडीसाठी डॉक्टर" म्हणून न्या. खोटं नाही ते.

जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे सगळ्याच तक्रारींची गर्दी असते, कुणी कुणाकडे बघत नाही. मनोरुग्णालय म्हणजे येरवडा-रत्नागिरी हे डोक्यातून काढायला सांगा. चिंतेसाठी सहसा कुणी भरती करत नाही, बाह्यरुग्ण म्हणून दाखवून माणूस घरी येतो.

सुपारी_कातर

टेली मानस म्हणून केंद्र सरकारची सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. बाबा फोनवाले आहेत, कदाचित समोर बसण्यापेक्षा फोनवर बोलतील.

खवचट_काका

तिथेही बीपीचा आकडा सांगतील.

सुपारी_कातर

सांगू देत की. तिथे ऐकायला माणूस बसवलाय.

रोखठोक_रमा

औषधांबद्दल कुणी नीट लिहा ना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आत्याला कित्येक वर्षं 'झोपेची अर्धी' चालू ठेवली होती.

मुळामुठा

मी औषधनिर्माणातला, डॉक्टर नव्हे. मोटामोटी सांगतो. 'झोपेची अर्धी' म्हणजे बहुतेक क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम. अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणूनच सवय लागते. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात, पण वर्षानुवर्षं घ्यायची ती गोळी नाही. वयस्कर माणसांत तोल जाणं, पडणं, विसरणं वाढतं. आणि एकदम बंद करायची नाही, रमाताईंनी लिहिलं तसंच होतं.

दुसरा गट एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरे. यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता उलट वाढू शकते. नव्वद टक्के घरं इथेच गोळी सोडतात (टक्का माझा, काउंटरवरून बघितलेला). तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा, शेजाऱ्यांना नाही. बरं वाटल्यावरही कित्येक महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. यालाही एकदम ब्रेक नाही.

बाबांची बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्या गटातली असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ती आणि ही दुसऱ्या गटातली गोळी मिळून वयस्करांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊनच जा.

शांतरस

बघा, दुष्परिणामच दुष्परिणाम.

तळ्यात_मळ्यात

@शांतरस, पहिले दहा-बारा दिवस मला खरंच घाण गेले. पण आज मी लोकलने येतो-जातो, आणि प्राणायामही करतो. दोन्ही चालतं हो, एकाने दुसरं बाटत नाही.

पाटी_पेन्सिल

सगळे बाबांवर लिहितायत. आई कशा आहेत?

माझ्या वडिलांचं असंच होतं आणि आई चोवीस तास त्यांच्यासोबत. आम्ही फोन ठेवला की मोकळे, ती मात्र तिथेच. रात्री उठवून नाडी बघायला लावायचे. तिने भजनी मंडळ सोडलं, माहेरी जाणं सोडलं, आणि आम्हाला वाटायचं आई किती खंबीर आहे. तिचं वजन उतरलं तेव्हा लक्ष गेलं. मग आम्ही बहिणींनी शनिवार वाटून घेतले. आम्ही वडिलांसोबत, ती भजनाला. पहिल्या शनिवारी वडिलांनी भजन चालू असताना तिला फोन केला, तर तिने तो उचलला नाही. घरी येऊन म्हणाली, "टाळ वाजत होते, ऐकू आलं नाही." आजवर आम्ही तिला खरं-खोटं विचारलेलं नाही.

कोयनाकाठ

पाटी_पेन्सिल, मी आईला विचारलं. नेहमीचं "माझं काय, मी बरी आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, रात्रीची झोप होत नाही गं. शनिवारचं भावाशी बोलते.

पैसा_वसूल

विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४): विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. प्रत्यक्षात याचा उपयोग भरती व्हावं लागलं तर. ओपीडीची फी आणि समुपदेशन तुमच्या पॉलिसीत ओपीडी असेल तरच. तेव्हा पॉलिसी वाचा. आणि पॉलिसीच्या फॉर्मवर आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतात.

समुपदेशक शोधताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. आठवड्याच्या शिबिरातून तयार झालेले 'माइंड कोच' गल्लोगल्ली आहेत.

मधली_सुट्टी

+१. आणि बाबांच्या थेरपीत पुढे बहुधा पायऱ्या येतील, म्हणजे टाळलेल्या जागी थोडं थोडं जाणं. सोप्यापासून अवघडाकडे. पायऱ्या त्यांनीच आखायच्या. हाताला धरून ओढून नेऊ नका कुणी.

घाटमाथा

पायऱ्या एसटीने आखा. कराड-उंब्रज, मग कराड-सातारा, मग पुणे. त्यांचाच प्रांत आहे.

सातारी_तर्री

आणि आईंना हाफ तिकीट!

कोयनाकाठ

बरेच दिवसांनी येतेय, थोडं कळवते.

कार्डिऑलॉजिस्टच्या सांगण्याने बाबा मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. आत गेल्यावर रजिस्टर पुढे केलं. डॉक्टरांनी ते सावकाश चाळलं आणि म्हणाले, "इतकी व्यवस्थित नोंद माझा एक पेशंट ठेवत नाही." बाबा खूश. मग म्हणाले, यात एक रकाना वाढवा: मोजायच्या आधी भीती दहापैकी किती, आणि न मोजता वीस मिनिटं थांबलात तर किती. आता बाबा तेही भरतात. बीपीचे रकाने दिवसातून दोनदाच भरायचे असं ठरलंय. कधी तीनदा होतं. तिसऱ्यांदा झालं की शेऱ्यात 'जादा फेरी' असं लिहितात.

गोळी सुरू केल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. भाऊ म्हणाला बंद करा. मुळामुठांचं लिहिलेलं आठवलं म्हणून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा कमी करून पुढे चालू ठेवली.

फोनवर आम्ही तिघंही ठरलेलं बोलतो. सुरुवातीला बाबा वैतागले, "तुम्ही सगळे एकच पोपटपंची करता." भीमथडी, तुमचं म्हणणं लक्षात ठेवलंय. आकड्यावर बोलत नाही, पण बाकी भरपूर बोलते.

उंब्रजपर्यंत जाऊन आले, आईला घेऊन, एसटीने. जाताना कंडक्टर ओळखीचा निघाला. साताऱ्याला अजून नको म्हणतात. पुणे तर लांबच.

घाटमाथा

वा! उंब्रज झालं हे काय कमी आहे.

अवांतरवीर

'जादा फेरी' :)))) बाबांना इथे आयडी काढून द्या.

भीमथडी

छान. आनंद वाटला.

तळ्यात_मळ्यात

मधे एखादा आठवडा सगळं उलटं गेल्यासारखं वाटेल. माझं अजून होतं. तेव्हा गोळी आणि भेटी चालू ठेवा.

नवा_सदस्य_पेठेतला

सगळा धागा वाचला. माझ्या मावशीचं असंच आहे, ती एकटी राहते, डॉक्टरांचं नाव काढलं तरी फोन ठेवते. कुठून सुरू करू? तिला न नेता मी एकटा जाऊन बोललो तर चालतं का?

मधली_सुट्टी

चालतं. बरेच जण आधी नातेवाईकच येतात, तशी वेळ घेताना सांगा. १४४१६ वरही घरच्यांना स्वतःसाठी बोलता येतं. जाताना तिने काय काय करणं सोडलंय ते लिहून न्या. झोप आणि जेवण कसं आहे तेही. 'जगण्यात अर्थ नाही' असं काही ती बोलत असेल तर वाट बघू नका, आजच जा.

नवा_सदस्य_पेठेतला

तसं बोलत नाही. पण जेवण कमी झालंय. उद्या वेळ घेतो. धन्यवाद.